आडवं पडून बघायचा रंग

तुमच्या घराच्या भिंतींचा रंग कुणी ठरवला, सांगता? आठवा जरा. दुकानातून ते रंगांचं जाड पुस्तक घरी आणलं असेल. "हा फारच भडक", "तो आजारी वाटतो" असं करत नवराबायकोत थोडी खडाजंगी झाली असेल, पोरांनी नाकं मुरडली असतील आणि शेवटी कुणाचं तरी एकाचं चाललं असेल. तुमचं चाललं नसेलही. पण विचारलं तरी होतं ना तुम्हाला?

थोरलीला असं पहिल्यांदा विचारलं गेलं ते नोकरी संपत आल्यावर. आणि तेही स्वतःच्या घराबद्दल नव्हे.

थोरली एका मोठ्या इस्पितळात सफाईला होती. खरं नाव आहे तिला, पण ते पगारापुरतं. वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळ्यांची ती थोरलीच. उंच बाई, पण कमरेतून अशी वाकलेली की उंची आता कुणाच्या ध्यानात येत नाही. फरशी पुसणारं माणूस उलटं चालतं, हे तुम्ही कधी पाहिलंय? पाहिलं नसणार. भिंतीकडून दाराकडे यायचं, पाठ दाराला, नजर पुसलेल्या फरशीवर. म्हणजे जिकडे जायचं तिकडे पाठ आणि जे काम झालं त्यावर समोरच कुणाच्या तरी चपलांचे ठसे. "बाई, जाऊ का?" असं लोक विचारतात. विचारून होईपर्यंत चार पावलं टाकून झालेली असतात.

"जा बाबा, जा," थोरली म्हणायची. "तुझ्यासाठीच पुसलीय."

त्या इस्पितळात सगळ्यांना बसायला जागा होती. डॉक्टरांना खोली, नर्सना खोली, ड्रायव्हरांनासुद्धा पंख्याखाली दोन बाकं. सफाईच्या बायका जिन्याखाली बसायच्या. पुठ्ठे अंथरायचे, मान वाकवून आत शिरायचं, मान वाकवूनच डबा खायचा. वरून कुणी धडधडत गेलं की चुना पोळीवर. बाजूला बादल्या, फडके, फिनेलचे कॅन. माणसं आणि सामान एकाच कोनाड्यात, आणि हिशेबात सामान वरचढ, कारण सामान हरवलं तर चौकशी होते.

मी या बायकांच्या संघटनेचं काम बघते. अर्ज करून करून माझे हात दुखले. शेवटी एके दिवशी भेटीच्या वेळेला आम्ही जिन्याखालून उठलो आणि जिन्यावर बसलो. खाली बसून कुणाला दिसत नव्हतो ना, मग वर बसलो. नातेवाईक फळांच्या पिशव्या घेऊन उभे, डॉक्टर उभे, मोठे साहेब स्वतः उभे. थोरली मधल्या पायरीवर पाय पसरून बसली होती. कुणीतरी तिला म्हणालं, "आजी, जरा सरका." ती म्हणाली, "सरकायचंच काम केलंय इतकी वर्षं. आज गुडघे नाही म्हणतायत."

त्यातून खोली मिळाली. गाद्या-उशांची जुनी कोठी. कुबट वास, भिंतीचे पोपडे, एक खिडकी, तिच्यासमोर पाण्याची टाकी. आणि दाराला आतून कडी नाही.

तर अशा त्या खोलीसाठी एका सकाळी देखभालीच्या साहेबांचा निरोप आला. दोन रंगांचे नमुने भिंतीवर लावतोय, बायकांनी बघून एक ठरवावा, शनिवारपर्यंत कळवावं.

माझं डोकंच फिरलं. मी भर वऱ्हांड्यात आवाज चढवला. "कडी नाही, पंखा नाही, आणि रंग कुठला हवा म्हणे! यांना फोटो काढायचाय नुसता. विचारलं म्हणून सांगायला मोकळे. कळवा त्यांना, आम्हाला रंगबिंग काही नको, आधी कडी लावा."

थोरली फडका पिळत होती. पिळता पिळता म्हणाली, "पुढारीणबाई, घसा सांभाळ. कडीसाठी भांड, पंख्यासाठी भांड, मी आहे बरोबर. पण रंगाचं नको म्हणू नकोस."

"का गं?"

"मला बघायचाय."

एवढंच. आणि वॉर्डात जाऊन पुढच्या खाटेखाली शिरली.

रंगारी आला तो बोलका माणूस निघाला. त्याने खिडकीशेजारच्या भिंतीवर खरवडून, पोपड्यांचे खड्डे लांबीने बुजवून, छातीच्या उंचीवर दोन चौकोन काढले. एक पिवळसर पांढरा, एक तपकिरी. साहेबांच्या कागदावर त्यांना काहीतरी परदेशी फुलाफळांची नावं होती. बायकांनी बघताक्षणी बारसं केलं. एक साय, एक चहा.

"आता हात लावू नका," रंगारी म्हणाला. "ओला रंग वेगळा दिसतो. दोन हात होऊ दे, वाळू दे, मग बघा. सकाळी बघा, दुपारी बघा. घाई करू नका, सोयरीक जुळवतोय असं समजा."

"सोयरीक जुळवायला इतका वेळ कुणी दिला होता आम्हाला?" रेडिओ म्हणाली. रेडिओ म्हणजे बाळंतिणींच्या वॉर्डातली, तिचं तोंड झोपेतही चालू असतं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी डबे खाऊन सगळ्याजणी खोलीत जमल्या. मला वाटलं होतं, कुणाला साय आवडेल, कुणाला चहा, जरा चेष्टामस्करी होईल. झालं भलतंच. रेडिओने अंगठा जिभेला लावला आणि सायीचा चौकोन खसाखसा घासला. "येतोय बघा हाताला." दुसरी एक बोटांना तेल लावूनच आली होती, तिने दोन्ही चौकोनांवर पंजा उमटवला. आणि पहिलवान, म्हणजे आमची शवागाराच्या बाजूची, जी एकटी भरलेलं स्ट्रेचर फिरवते, तिने आपल्या कपातला उरलेला चहा निम्मा इकडे आणि निम्मा तिकडे फेकला.

रंगाऱ्याने डोक्याला हात लावला. "अहो, काय करताय? रंग बघायला सांगितलाय!"

"बघतोयच की," पहिलवान म्हणाली. "याच्यावर दिसतंय, त्याच्यावर दिसत नाही. चहा पक्का. कोण कोण हो म्हणतंय?"

हात वर झाले. भराभर, चर्चा नाही, वाद नाही. हाताच्या खुणा, डोक्याचं तेल, चहाचे शिंतोडे, सगळं पोटात घेणारा रंग. जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती पुसलेल्या बायका आणखी कशी पारख करणार? भिंत दिसली की त्यांना तिच्यावरचं काम दिसतं. विसाव्याच्या खोलीचा रंग निवडायचा होता आणि त्यांनी त्याची ड्यूटी लावून टाकली.

थोरलीचा हात वर नव्हता.

"तुझं काय गं?" पहिलवानने विचारलं.

"मला साय हवी."

सगळ्याजणी तिच्याकडे वळल्या. मग रेडिओच बोलली. "तुला काय जातंय साय म्हणायला? महिनाअखेर तू चाललीस घरी. मागे घासत कोण बसणार? आम्ही."

कुणीतरी हसलं, कुणी नाही. रेडिओ वाईट नाही. तिच्या मनगटाला पट्टा आहे, पिळून पिळून नस दुखावलीय. ती बोलली ते खरंच होतं, म्हणून जास्त लागलं. थोरलीने डबा पिशवीत टाकला आणि निघाली. मला वाटलं ताडकन काहीतरी सुनावेल. पण माणूस फार थकलं की अपमानसुद्धा उद्यावर टाकतं.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. खरं सांगायचं तर तिला समजवायला गेले होते. साहेबांसमोर सगळ्या एका तोंडाने बोलल्या पाहिजेत, एकीने वेगळं म्हटलं की ते लोक तेवढंच धरून बसतात, असं सगळं भाषण तयार करून गेले होते. दारातून आत पाऊल टाकलं आणि भाषण घशातच राहिलं.

दोन खोल्यांचं घर. आणि चारी भिंती चहाच्या रंगाच्या.

अगदी तोच. इस्पितळातल्या वॉर्डांचा, वऱ्हांड्यांचा, ऑपरेशनच्या दारापर्यंतच्या त्या लांब बोळाचा. मी उभीच राहिले.

थोरलीची सून कपड्यांच्या घड्या घालत होती, ती हसली. "बसा ताई. नवीन माणूस आलं की असंच बघतं. माझी मावशी आली होती तर म्हणाली, कुणी आजारी आहे का घरात?"

मग कळलं. थोरलीचा नवरा त्याच इस्पितळात रंगाऱ्यांच्या हाताखाली होता. वॉर्ड रंगवून झाले की डब्यांच्या तळाशी राहिलेला रंग कामगारांना घरी न्यायला मिळायचा. लग्नानंतर पहिल्यांदा त्याने हौसेने आणला. मग दर वेळी तोच, कारण वॉर्डांना दर वेळी तोच. नवरा गेला, मुलगा मोठा झाला, तोही घराला रंग द्यायची वेळ आली की म्हणायचा, आहे तोच मारू, नाहीतर खालचा डोकावेल.

"आईंना कधी विचारलं नाही कुणी," सून म्हणाली. मग जरा आवाज खाली करून, "मीही नाही विचारलं."

थोरली भिंतीला टेकून पाय चोळत होती. "काय विचारायचंय त्यात? फुकटच्या रंगाला आवडनिवड असते का?" मग माझ्याकडे बघितलं. "तू मला समजवायला आलीयेस ना? बस. पाणी पी. आणि मी सांगते ते ऐक. सकाळी डोळे उघडले की मला समोर ही भिंत दिसते. आणि दर सकाळी, अगं दर सकाळी, मला पहिल्यांदा वाटतं मी वॉर्डातच झोपले. कुणी बघितलं तर? धडपडून उठते. मग गॅस दिसतो, सून दिसते, मग कळतं घर आहे. तोवर झोप गेलेली, छाती धडधडतेय. झोपते मी रोज, पण सुट्टीवर काही जात नाही."

सून घड्या घालायची थांबली होती.

"तिथेही हाच रंग लावला," थोरली म्हणाली, "तर ती खोली कसली? वॉर्डच तो, फक्त खाटा नाहीत. मला जायच्या आधी एकदा, फक्त एकदा, तिथे आडवं पडायचंय आणि डोळे उघडल्यावर उठून कामाला लागायला हवं असं वाटायला नकोय. आता बोल तुझं भाषण."

मी पाणी प्यायले आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीच सगळी मंडळी, तीच खोली. थोरलीने जिन्याखालचे पुठ्ठे उचलून आणले होते. ते तिने फरशीवर टाकले आणि म्हणाली, "पडा."

"काय?"

"पडा म्हणतेय. आडव्या व्हा. काल उभ्याने बघितलंत. उभ्याने कोण राहणारंय इथे?"

"वेड लागलं म्हातारीला," पहिलवान म्हणाली, पण पडली. ती पडल्यावर बाकीच्यांना जागा कमी उरली, त्यावरून दहा विनोद झाले. कुणाची कोपरं कुणाच्या पोटात. रंगारी लाजून दाराबाहेर जाऊन उभा राहिला. थोरली शेवटी बसली, एक हात जमिनीवर टेकत, एक गुडघा, मग दुसरा, आणि हळूच आडवी झाली.

"आता त्या चहाकडे बघा. बोलू नका. रेडिओ, तू तर अजिबात बोलू नकोस."

हसू ओसरलं. टाकीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. खालून बघताना तो तपकिरी चौकोन मोठा दिसत होता, आणि तो बघता बघता त्याच्या दोन्ही बाजूंना बाकीचा वॉर्ड आपोआप उभा राहत होता. मी त्यांच्यातलं काम कधी केलं नाही, तरी मला सलाइनचा स्टँड दिसला. पाहिलं तर पहिलवानचा हात फरशीवर गोल गोल फिरत होता. तिला स्वतःला पत्ता नव्हता.

आणि रेडिओ एकदम उठून बसली. "बेल वाजली का?"

"नाही गं."

"मला वाटलं वाजली." ती जरा घाबरल्यासारखी झाली होती. "सात नंबरवाली बोलावतेय असं वाटलं."

कुणी हसलं नाही. एक-दोघींनी कूस बदलली, सायीच्या चौकोनाकडे. कालच्या चहाचा ओघळ त्याच्यावर होता, तेलाचा पंजा होता. तरी तो तिथे होता. काही आठवत नव्हतं त्याच्याकडे बघून. कुणाच्याच आयुष्यात कुठे नव्हता तो रंग.

"माझ्या घरीही हाच चहा आहे," पलीकडून कुणीतरी हळूच म्हणालं. आणखी एकीच्या घरी. मग आणखी.

पहिलवान छताकडे बघत म्हणाली, "हे सगळं खरं. पण घासणार कोण? थोरली, तू मला ते सांग."

"कुणीच नाही."

"म्हणजे?"

"या खोलीत फडका आणायचा नाही. डाग पडला, पडू दे. पंजा उमटला, उमटू दे. जिने या भिंतीला फडका लावला तिला बाहेर जिन्याखाली बसवायचं."

असं काही असू शकतं, हे त्यांच्यापैकी एकीलाही सुचलं नव्हतं. मलाही नाही. पहिलवानने सायीच्या चौकोनावरचा आपल्याच चहाचा ओघळ पुन्हा एकदा न्याहाळला. मग म्हणाली, "मग साय लाव बाई. पण एक सांगते, मला चैन पडणार नाही."

साहेबांकडे गेलो आम्ही, थोरली आणि मी. टेबलाखाली त्यांनी बूट काढून ठेवले होते, पाय मोज्यांत. तेही दिवसभर चार मजले फिरून आलेले दिसत होते. म्हणाले, "चहा... म्हणजे तो तपकिरी घ्या ना. कोठीत डबे पडून आहेत. त्यासाठीच तर तो नमुन्यात घातला. पांढरा नवा मागवावा लागेल."

बघा. म्हणून मी ओरडत होते. दोनातला एक रंग निवडा म्हणे, आणि एक आधीच डब्यात भरून तयार. मी तोंड उघडलं होतं, पण साहेबांनी तोडगा काढला. कागदावर भिंत काढली, मधोमध रेघ मारली. "असं करू. खाली अर्धा तपकिरी, वर अर्धा पांढरा. डागही दिसणार नाहीत, तुमचंही मन राहील."

थोरली त्या चित्राकडे वाकून बघत होती. "साहेब, आम्ही खालीच झोपणार ना?"

साहेबांनी रेघेकडे पाहिलं.

"मला पुन्हा जिन्यावर बसायला लावू नका," ती म्हणाली. आवाजात धमकी नव्हती, नुसता थकवा होता. "मागच्या वेळी दोघींनी उठवलं मला. या वेळी बसले तर उठवायला तुम्हालाच यावं लागेल."

साहेबांनी कपाळ चोळलं. मग सही केली. मी संधी साधून कडीचाही विषय काढला. ती मात्र आणखी तीन फेऱ्यांनी मिळाली.

रंगाऱ्याने दोन हात मारले. खिडकीशेजारचा चहाचा तो एक चौकोन पहिल्या हाताखालून डोकावत होता, दुसऱ्या हाताने मिटला.

थोरलीच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी वरच्या मजल्यावर तिला हार, भाषण, फोटो, सगळं झालं. ती हार घेऊन थेट खोलीत आली, तो खिडकीच्या दांडीला अडकवला आणि पडली. पहिलवान दाराबाहेर स्टुलावर बसली. सुपरवायझर आला, पहिलवानने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तो गेला. आत थोरली घोरत होती. इतकं की रेडिओ म्हणाली, "बाई गं, आणि म्हणे माझा आवाज."

जागी झाली तेव्हा मी तिथेच होते. तिने डोळे उघडले, भिंतीकडे बघितलं, छताकडे बघितलं. धडपडली नाही. कितीतरी वेळ तशीच पडून होती.

"काय गं?" मी विचारलं.

"कुठे आहे तेच कळेना," ती म्हणाली. "बरं वाटलं."

मग हात टेकत उठली. घरी गेली. घरी अजून तोच रंग आहे. सून म्हणते बदलू, मुलगा म्हणतो बघू.

खोलीचं सांगायचं तर बटणाभोवती बोटांचं काळं वर्तुळ झालंय. खिडकीखाली चहाचा ओघळ आहे. आणि भिंतीला टेकून बसतात तिथे डोक्यांच्या तेलाचे गोल गोल डाग उमटलेत, एका ओळीत, मधला सगळ्यात उंच, तो पहिलवानचा. तिला खरंच चैन पडत नाही. डोळे दुसरीकडे करून बसते बिचारी. पण फडका आणलेला नाही. मध्ये तपासणीवाले आले, नाकाला रुमाल लावून म्हणाले, सफाई कामगारांचीच खोली आणि ही अवस्था? पुसून घ्या, नाहीतर कोठीतला तपकिरी मारून घेऊ. डबे अजून तिथेच आहेत. बायका म्हणाल्या, बघू. मी काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

तर तुमच्याकडे एक मागणं आहे. कधी कुणाला भेटायला त्या इस्पितळात आलात आणि दुपारी खालच्या मजल्यावर एक दार आतून लावलेलं दिसलं, तर ठोठावू नका. तुमच्या हातून वऱ्हांड्यात काही सांडलं असेल, तर फडका आणि बादली जिन्याखाली आहे. जरा वाका, आत जा, घेऊन या आणि तेवढं पुसून टाका.